सखारामकाकांचा उसासा

सायकलची ट्यूब बदलायला मला किती वेळ लागतो, हे रत्नागिरीत कोणालाही विचारा. निदान आमच्या सायकल ग्रुपमध्ये तरी विचारा. भाट्याच्या पुलावर भर वाऱ्यात, चहाचा कप कठड्यावर ठेवून, मी मागच्या चाकाची ट्यूब बदललेली आहे. चहा गार व्हायच्या आत काम खलास. मधल्या मधे वाऱ्यानं कप खाली खाडीत गेला, त्यामुळे चहा गार झाला होता की नाही हे नक्की सांगता येणार नाही, पण काम झालं होतं.

तर सांगायचं काय, सखारामकाकांच्या दहाव्याला मी सायकलवर जाणार, असं मी घरात जाहीर केलं.

"दहाव्याला?" वेदिका म्हणाली. वेदिका म्हणजे माझी बायको.

"हो."

"लग्नाला नाही, साखरपुड्याला नाही, दहाव्याला सायकलवर?"

"काका साधे होते. त्यांना आवडलं असतं."

"काकांना एसटीसुद्धा आवडायची नाही, धूर लागतो म्हणून."

"म्हणून तर सायकल. धूर नाही, काही नाही."

वेदिकानं माझ्याकडे बघितलं आणि पिशवी भरायला घेतली. तिला आदल्या दिवशीच जायचं होतं, तिकडे बायकांना रांधायला हात हवे होते. दारातनं निघता निघता म्हणाली, "तिथे डोकं भादरणार आहेत तुमचं. येताना हेल्मेट सैल होईल, पट्टा आवळून घ्या."

सखारामकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पालीच्या पुढे आतल्या बाजूला आमचं गाव, तिथे घर, थोडी भातजमीन आणि घरामागच्या कातळावर हापूसची कलमं. काकांना दमा होता. मोहोराच्या दिवसांत तो दर वर्षी उचल खायचा, या वर्षी त्यानं काकांनाच उचललं. मागे राहिली शालनकाकी. दोन मुलगे, दोघेही मुंबईला. अनिल विरारला, केतन कळव्याला.

अस्थी गोळा करून आलो त्या दिवशी काकीनं मला गोठ्यामागे बोलावून घेतलं. इकडेतिकडे बघून म्हणाली, "सुजय, तुझं ऐकतील ती पोरं. त्यांना सांग, मला इथनं हलवू नका. अनिलच्या बाळंतपणाला मी राह्यलेय तिकडे." अनिलच्या म्हणजे अनिलच्या बायकोच्या. "दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. जीव गुदमरतो रे. मी इथेच बरी. कोंबड्या हायत, शेजार हाय."

"सांगतो काकी," मी म्हटलं. "तू अजिबात काळजी करू नको."

आणि काळजीचं कारणही नव्हतं. कारण अनिल मला वेगळं गाठून म्हणाला होता, "आईला नेलं असतं रे, पण जागा कुठाय? आमचीच आम्हाला पुरत नाही." केतननंही वेगळं गाठून जवळपास तेच सांगितलं होतं, फक्त जागेऐवजी त्यानं पाण्याचं कारण दिलं. म्हणजे बघा, काकीला जायचं नव्हतं आणि पोरांना न्यायचं नव्हतं. जे कोणालाच नको आहे ते होणार कसं? एवढं गणित मला येत होतं. तेव्हा दहाव्यानंतर दोघांना एकत्र बसवायचं, काकीसमोर बोलणं करून घ्यायचं, आणि विषय संपवायचा, असा माझा बेत होता.

सकाळी अंधारातच निघालो. हातखंब्यापर्यंत मी काय सुटलो होतो म्हणून सांगू! हायवेला उजाडलं. पालीला एका टपरीवाल्यानं विचारलं, "शर्यत हाय काय?" मी म्हटलं, "दहाव्याला चाललोय." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आता माझ्या पोशाखाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सायकल चालवताना मी अंगाला घट्ट बसणारी काळी अर्धी चड्डी घालतो. तिच्या बुडाला कापसाची गादी असते. वर पिवळाजर्द शर्ट, पाठीवर अंधारात चमकणारे पट्टे. दहाव्याची पॅंट आणि पांढरा सदरा पाठपिशवीत होता. बेत असा, की सरळ घरी जायचं, मागच्या दारानं आत शिरायचं, कपडे बदलायचे आणि माणसासारखं होऊन नदीवर यायचं.

आमच्या गावात शिरायच्या आधी उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याला नदीवर बुटका पूल. त्या उतारावर पुढचं चाक वळवळायला लागलं. पुलाच्या तोंडाशी मी थांबलो, तोवर टायर रिंगला टेकला होता. चिरेखाणीच्या गाड्यांनी सांडलेली खडी, आणि तिच्यात करवंदीचा एक काटा. सरळ आत गेलेला.

मला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. येऊ दे की पंक्चर, माणूस कोण आहे बघा.

पुलाच्या कडेला आंब्याचं जुनं झाड आहे, त्याच्याखाली कठड्याला टेकून बसलो. टायर सोडवला, नवी ट्यूब घातली, टायर परत बसवला. सुंदर काम झालं. मग पंप काढायला वाकलो आणि खालनं आवाज आला.

"बा सखारामा..."

कठड्यावरनं हळूच डोकं काढून बघितलं. खाली नदीत पाणी घोट्याएवढंच, आणि वाळूवर आमची सगळी भावकी उभी. अनिल आणि केतन पुढे, दोघांची डोकी नुकतीच भादरलेली. त्यांच्यासमोर पानावर पिंड, पिंडाजवळ काकांचं बिडीचं बंडल आणि कपात चहा. बाजूला रामाआबा. रामाआबा म्हणजे आमच्या वाडीतले सगळ्यात वयस्कर, देवाला गाऱ्हाणं घालायचं असो की मेलेल्या माणसाशी बोलायचं असो, वाडीच्या वतीनं तेच बोलतात. आवाज असा, की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा.

"बा सखारामा, तुजी बिडी ठेवली, तुजा चा ठेवला. तुजी पोरं तुज्यासमोर उभी हायत. ये आणि शिव."

सगळ्यांच्या माना वर, माझ्या डोक्यावरच्या झाडाकडे. झाडावर कावळे होते, पण एकही हलत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सायकल तिथेच टाकून खाली का नाही गेलास? त्या चड्डीवर? अख्ख्या भावकीसमोर? आणि समजा, सायकल ढकलत पुलावरनं गेलो असतो, तर "सायकलवर येणार होता ना रे, मग सायकलच तुझ्यावर बसून आली काय," हे मी मरेपर्यंत ऐकलं असतं. आमच्याकडे माणसं विसरत नाहीत. तेव्हा मी ठरवलं, गुपचूप हवा भरायची, एका दमात पूल ओलांडायचा, घरी जाऊन कपडे बदलायचे आणि यायचं. कावळा शिवायला तसाही वेळ लागतोच.

माझा पंप वीतभर आहे. त्याची नळी वॉल्ववर आट्यांनी आवळायची, हवा भरायची आणि परत आटे सोडवायचे. आवाज अगदी कमी. मी भरायला लागलो. हात भरून आले, टायर दगडासारखा झाला. दरम्यान कठड्याच्या फटीतनं दिसलं, एक कावळा खाली उतरला होता, तिरका तिरका चालत पिंडाकडे निघाला होता. खाली सगळे श्वास धरून उभे. मी नळी सोडवायला घेतली.

या बारीक वॉल्वच्या आत एक पितळी पिन असते. ती जर नीट आवळलेली नसेल तर नळीचे आटे सोडवताना नळीबरोबर तीही निघून येते. आली.

फुस्सस्स.

सगळी हवा एका झटक्यात गेली. पुलाखालच्या पोकळीत तो आवाज असा घुमला, की मीच दचकलो. कावळा पिंडापासून हातभरावर होता, तो उडून पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

 मग रामाआबांचा आवाज आला, एरवीपेक्षा हळू.

"ऐकलंत?"

केतननं मान हलवली.

"उसासा टाकलान्. सखारामचा उसासा मी वळखतो. शेजारी जल्म गेला माजा. रात रात ऐकलाय."

मी अर्धा उठलो. खरंच उठलो होतो. म्हणणार होतो, "आबा, तो माझा टायर." पण तेवढ्यात केतन हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, चुकलो. कलमं विकत नाही. त्या पार्टीला आजच कळवतो."

"कसली पार्टी?" अनिलनं विचारलं.

"नंतर सांगतो."

"नंतर काय? कसली कलमं?"

"अरे सांगतो ना नंतर, बाबा ऐकतायत."

तेव्हा मी परत खाली बसलो. अशा वेळी कोण उभा राहील सांगा? पिवळा शर्ट घालून? शिवाय एक गोष्ट होती. कलमं काकांनी स्वतः खड्डे खणून लावली होती, कातळात सुरुंग लावून. ती परस्पर विकायला निघाला होता हा पठ्ठ्या, बाप जाऊन पुरते दिवस झाले नाहीत तोवर. वाचली तर काय वाईट झालं?

मी पिन वॉल्वमध्ये बसवली, बोटांनी आवळता येईल तेवढी आवळली आणि परत पंप लावला.  खाली रामाआबांनी पुन्हा हाक घातली. कावळा पलीकडच्या काठावरनं परत आला. मी नळी अगदी हळू, लहान मूल झोपलेलं असताना दार लावावं तशी, फिरवली.

फुस्सस्स.

या वेळी जरा लांबलाच. कावळा पिंडाला चोच लावणार तोच उडाला.

"अजून हाय काहीतरी," रामाआबा म्हणाले. "केतननं सांगितलान्. आता थोरल्यानं सांगावं."

सगळे अनिलकडे वळले. अनिल वाळूकडे बघत होता.

"गणपती," तो शेवटी म्हणाला. "गणपती या वर्षीपासनं विरारला बसवायचा म्हणत होतो. बाबांना तसं सांगितलं होतं. ते काही बोलले नव्हते."

"काय बोलणार? दमेकरी माणूस," रामाआबा म्हणाले.

"नाही नेत. गणपती गावातच बसेल. आम्ही दोघं येऊ."

खाली समाधानाची कुजबुज झाली. म्हातारी माणसं माना हलवायला लागली. खरं सांगतो, मला तेव्हा चढली. ऑफिसात इतकी वर्षं काढली, माझ्या सहीनं कधी एक खुर्ची इकडची तिकडे झाली नाही. आणि इथे दोन फुस्समध्ये कलमं वाचली, गणपती वाचला. मला वाटायला लागलं की ही पिन उगाच निघत नाहीये.

आणि मग मला काकी आठवली.

एवढं चाललंच आहे, तर तिचंही काम इथेच का उरकू नये? दोघांना एकत्र बसवा, बोलणं काढा, कारणं ऐका, कशाला ती कटकट? अजून एक उसासा. की रामाआबा विचारणार, आता काय राहिलं? की कोणीतरी म्हणणार, आईचं राहिलं. की पोरं म्हणणार, तिला हलवत नाही, ती इथेच राहील. तशीही त्यांची तीच इच्छा. मी तेव्हा गप्प बसायचं, कावळा येईल, शिवेल, आणि भावकीसमोर शब्द पक्का होईल. पुढे कोणाची बायको फिरली तरी शब्द फिरायचा नाही.

पिन मुद्दाम सैल ठेवून तिसऱ्यांदा हवा भरली. खांद्यात कळा यायला लागल्या, पण भरली. नळी सोडवली, पिन तिच्याबरोबर आली, आणि या वेळी मी तयार होतो. भोकावर अंगठा दाबला. घट्ट. आता हवा माझ्या हातात होती. आमच्या गावच्या नाटकात पडद्याची दोरी धरून एक माणूस विंगेत बसतो, नाटकात सगळ्यात महत्त्वाचा मीच असं त्याला वाटत असतं. तसा मी बसलो होतो.

पण रामाआबांना उसाशाची वाट बघायची गरज वाटली नाही. त्यांनी आपण होऊनच विचारलं.

"पोरांनो, आणि तुमच्या आयशीचं काय?"

उत्तम. काम आणखी सोपं झालं. मी अंगठा दाबून धरला आणि कान दिला.

अनिलनं केतनकडे बघितलं. केतननं अनिलकडे बघितलं. दोघांच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं, दोघांनी मला सांगितलं होतं. पण बाप जाऊन दहावा दिवस, डोकं भादरलेलं, उघड्या अंगानं नदीत उभं राहायचं आणि सगळ्या भावकीसमोर म्हणायचं की आईला इथेच एकटी ठेवणार? हे तोंडातनं निघायला वाघाचं काळीज पाहिजे. मला वर बसून ते सोपं वाटत होतं, कारण मी वर बसलो होतो.

"आईला आम्ही मुंबईला नेणार," केतन म्हणाला.

अनिलनं एकदम मान वळवली. पण माणसं त्याच्याकडेच बघत होती. "हो," तो म्हणाला. "आळीपाळीनं. एकटी नाही ठेवत तिला."

आणि कावळा उतरला.

सरळ उतरला. तिरकं चालणं नाही, वळून बघणं नाही.  नाही, नाही, हे नको. काकीला हे नको आहे, मी तिला शब्द दिला आहे. पण माझ्याकडे उपाय होता, हातातच होता. कावळ्यानं मान वाकवली आणि मी अंगठा उचलला.

काही झालं नाही.

म्हणजे काहीच झालं नाही. फुस्स सोडा, फूसुद्धा नाही. मी टायर दाबून बघितला, तो भाकरीसारखा मऊ. मी ऐकण्यात गुंग होतो तेवढ्या वेळात अंगठ्याच्या फटीतनं सगळी हवा चोरपावलांनी निघून गेली होती. सकाळपासून दोनदा नको असताना फुस्स झालं, आणि आता हवं होतं तर नाही. मी उठलो, हात वर केले आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडलो, "हाड! हाड!"

त्याच वेळेला खाली पंचवीस-तीस माणसं एका तोंडानं ओरडली, "शिवला, शिवला."

कावळ्यानं नुसती चोच लावली नाही. भाताचा मोठा गोळा उचलला आणि माझ्या डोक्यावरनं उडून गेला.

"तो बघ, सुजय पण आला," खालनं कोणीतरी म्हणालं. "रडतोय रे तो. काकावर जीव होता त्याचा."

रामाआबा पंच्यानं डोळे पुसत होते. "या टायमाला उसासा पण नाय टाकलान्. ध्यानात आलं तुमच्या? कलमांत नव्हता जीव, गणपतीत पण नव्हता. बायकोत अडकला होता सखारामचा जीव."

मी सायकल झाडाला टेकवून खाली गेलो. माझ्या चड्डीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला, आणि न्हाव्यासमोर बसवलं.

घरी पोचलो तेव्हा वेदिका मागल्या पडवीत नारळ खवत होती. मी तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात, पहिल्या पिनेपासून. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. खवणीवरचा हात तिनं थांबवला.

"एवढं सगळं हवा भरताना झालं?"

"हो."

"आणि तुम्ही पहिल्याच वेळी 'मी आहे' असं म्हणाला नाहीत."

"चड्डी..."

"कळलं." तिनं थोडा वेळ खवलेल्या खोबऱ्याकडे बघितलं. "जा, काकींना सांगा. आत्ता सांगा. जायचं त्यांना आहे."

"पण मग कलमांचं काय? हे खोटं ठरलं तर तेही खोटं. केतन उद्या त्या पार्टीला परत फोन करेल."

"ते नंतर बघता येईल. आधी काकींना सांगा."

मी निघालो. न्हाणीघराच्या बाजूला अनिल फोनवर बोलत होता, तोंडावर हात धरून. "गॅलरीत खाट बसते काय ते बघ. अगं कपड्याचं मशीन हलव ना मग. कुठे म्हणजे, मला काय माहीत कुठे. मी काय करू? बाबा स्वतः बोलले ना, सगळ्यांनी ऐकलंय." मला बघून त्यानं फोन छातीला लावला आणि उगाच हसला. इतकं केविलवाणं हसू मी त्याच्या चेहऱ्यावर आधी बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, थांब बाबा, तुला पण सोडवतो, सगळ्यांनाच सोडवतो.

शालनकाकी आतल्या खोलीत एकटीच होती. बायका पुढे जेवणाच्या पंक्ती बघत होत्या. तिनं पत्र्याची पेटी ओढून काढली होती आणि लुगडी घड्या घालून आत ठेवत होती.

"आतापासनं?" मी विचारलं.

"तेराव्याला गडबडीत कोण बघतंय? कोंबड्या शेजारणीला सांगितल्यात. ती बघेल." तिनं मला जवळ बसायची खूण केली. "कळलं ना तुला? तू होतास ना तिथे?"

"होतो. काकी, त्याचंच बोलायचं होतं. ते कावळ्याचं..."

"रामाभावजींनी सांगितलान् मला सगळं. तुज्या काकानं थांबवून ठेवलान् म्हणे कावळ्याला. दोनदा परत पाठवलान्."

"हो, पण काकी, ते काय झालं..."

"सुजय, तुला सांगते." तिनं हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं. "जल्मात कधी विचारलान् नाय मला, जेवलीस काय म्हणून. एकदा कातळावर पडले, पाय असा सुजला होता. तर दारातनं म्हणालान्, चा टाक. मारलान् नाय कधी, शिवी दिलान् नाय. पण मी घरात हाय हे त्याला ठावं हाय की नाय, तेच मला कळायचं नाय. आता गेला तेव्हा पण माज्याकडे बघितलान् नाय. अनिल आला काय, केतन आला काय, एवढंच."

 पुढच्या बाजूला ताटं वाढल्याचा आवाज येत होता.

"मला वाटलं, गेला तो तसाच गेला. आणि आता बघ. कलमं सोडलान्, गणपती सोडलान्. माज्यासाठी अडून बसलान्, माणसांसमोर. पोरांकडनं कबूल करून घेतलान् आणि मग गेला." ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीनच होतं, लग्न ठरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"पण काकी, तुला जायचं नव्हतं ना? तूच म्हणाली होतीस."

"नाय जायचं." ती लगेच म्हणाली. "आजपण नाय जायचं. तिथे मी फार दिवस काढायची नाय, ते मला म्हायती हाय. त्या खुराड्यात कोण जगतंय? पण त्यानं एकच मागितलान् माज्यासाठी. ते पण नको म्हणू?"

तिनं लुगडं पेटीत ठेवलं, वर दुसरं ठेवलं. मग तिला आठवलं.

"तू काय सांगत होतास?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पिन, पंप, अंगठा, सगळं ओळीनं. सांगितलं असतं तर ती पेटी परत खाटेखाली गेली असती, कोंबड्या परत आल्या असत्या, अनिलचं मशीन जागेवर राहिलं असतं. आणि सखारामकाका परत तसेच झाले असते, जसे होते तसे. मी तोंड उघडलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "यायला उशीर झाला, तेच सांगत होतो. वाटेत चाक बसलं."

"अरे देवा. मग भरलीस काय हवा?"

"भरली की."

"बरं झालं," काकी म्हणाली. "जरा या झाकणावर बस. माज्यानं दाबत नाय."

मी बसलो, आणि तिनं कडी लावली.